एकशे सतरा नंबरचा माणूस

सभेला चाळीस मिनिटं उरली होती, आणि एकशे सतरा नंबरचा मेलेला माणूस कॉफीच्या मशीनपाशी उभा राहून डीलियाला मक्याचा मफिन देत होता.

तो मेलेला आहे हे अर्थात तिला तेव्हा ठाऊक नव्हतं.

"घे पोरी, बायकोने केलेत," ऑर्विल पिकेट म्हणाला. पंचवीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेला, आठवड्यातून तीनदा डायलिसिसला येणारा, गप्पिष्ट म्हातारा. "वरच्या पोरींना माझं नाव आठवत नाही. एकशे सतरा आला, म्हणतात. तुरुंगात आल्यासारखं वाटतं बघ!"

डीलिया हसली, मफिन घेऊन वर आली आणि शेवटची यादी छापायला बसली. या मेडिकल स्कूलमध्ये हृदय आणि मूत्रपिंड, दोन्ही विभागांनी मिळून एका गोळीची चाचणी चालवली होती. दोन्हीकडचे आकडे एकत्र करायचं काम तिचं. निकाल झकास होता. गोळी घेणारे कमी दगावले होते. आजच्या सभेत चाचणीवर देखरेख करणाऱ्या समितीने मान डोलावली की सोमवारपासून आणखी तीनशे जणांना गोळी सुरू होणार होती.

सहज म्हणून तिने एकशे सतरावी ओळ पाहिली. गट: गोळी. स्थिती: मृत.

मफिन अजून कोमट होता.

तिने दोन्ही विभागांच्या मूळ नोंदी उघडल्या. हृदयवाले '१' लिहितात तो माणूस गेला म्हणून. मूत्रपिंडवाले '१' लिहितात तो माणूस तपासणीला आला, म्हणजे जिवंत आहे म्हणून. वर्षानुवर्षं दोघांची आपापली रीत, आणि तिने, शहाणीने, दोन्ही रकाने न विचारता एकाखाली एक चिकटवले होते! चाचणीतले डायलिसिसचे रुग्ण इतके आजारी की दोन वर्षांत निम्मे जाणार हे धरलेलंच होतं, म्हणून कुणाच्या डोळ्यांत खुपलंही नाही. मेलेले जिवंत, जिवंत मेलेले.

तिने मूत्रपिंडाचा रकाना उलटा केला आणि पुन्हा हिशेब मांडला. मग पुन्हा एकदा. गोळी माणसं वाचवत नव्हती. मारत होती.

डॉक्टर टिलमन, हृदय विभागाचे प्रमुख, टाय सारखा करत दारात आले. "झालं का? लोक जमलेत."

"डॉक्टर, निकाल उलटा आहे. चूक माझी आहे."

त्यांनी कागद पाहिला. चेहरा पार उतरला. "सहा वर्षं घातलीत मी यात, डीलिया. आज मांडू. पुढच्या आठवड्यात निवांत तपासू."

"पुढच्या आठवड्यात सोमवार येतो."

"नोकरी जाईल तुझी. कळतंय ना?"

"कळतंय हो!" ती जवळजवळ ओरडलीच. "खाली एक माणूस आज गोळ्यांची नवी बाटली न्यायला आलाय!"

टिलमननी कागद तिच्या हातात परत दिला. म्हणाले, "चल. पण बोलायचं तू."

ती बोलली. स्वतःच्या चुकीपासून सुरुवात करून सगळं बोलली. दहा मिनिटांत समितीने गोळी थांबवली आणि प्रत्येक रुग्णाला ताबडतोब कळवायला सांगितलं. डीलिया लिफ्टची वाट न बघता जिन्याने खाली धावली.

ऑर्विल बाकावर बसला होता. मांडीवर नवी बाटली, तळहातावर गोळी, दुसऱ्या हातात पाण्याचा पेला.

"थांबा, मिस्टर पिकेट!"

तिने धापा टाकत सगळं सांगितलं. आधी त्याला हसूच आलं. "म्हणजे तुझ्या कागदावर मी मेलो नसतो, तर ही गिळली असती मी?"

"हो."

त्याने गोळी तिच्या हातावर ठेवली. मग त्याचं हसू हळूहळू मावळलं.

"आणि दोन वर्षं रोज गिळल्या, त्यांचं काय गं?"

"माहीत नाही, मिस्टर पिकेट. खरंच माहीत नाही."

त्याने पेला खाली ठेवला आणि बाकावर थोडा सरकला.

"मग बस इथे जरा," तो म्हणाला. "बायकोला फोन लावायचाय. एकट्याने नाही जमणार मला."