पुढचा उजवा कोपरा

खुर्ची, उलटी

"ताई, रागावू नका, पण ही तुमच्या हातची नाही," टेलर वेतवालीला म्हणाला आणि त्याने खुर्ची तिच्या दुकानाच्या दारात टेकवली.

बैठकीच्या पुढच्या कोपऱ्यात वेताची एक पट्टी तुटून वर आली होती. गिऱ्हाइकांचे कपडे तिच्यात अडकायचे. गेल्या वर्षी पुलापलीकडे विणून घेतली होती त्याने. तेव्हा वेतवालीकडे कामाचा ढीग होता, आणि टेलरने उभ्या उभ्या मशीन चालवायचं कसं, असं त्याचं म्हणणं. ती हसली. दुसऱ्याने बिघडवलेला कपडा तुम्ही तरी दुरुस्त करता का, तिने विचारलं.

"करतो की. वर नावंही ठेवतो."

मग तिने खुर्ची उलटी केली.

खालच्या गाठी डावीकडे वळलेल्या होत्या. सगळ्या. तिने खुर्ची सुलटी केली. पुढचा उजवा कोपरा. तिरकी पट्टी खालून जायला हवी, ती वरून गेली होती.

टेलर किती घेणार विचारत होता. ती कोपऱ्यावर बोट ठेवून बसली होती. वेत अजून पांढरट होता. जुना वेत मधासारखा होतो. हा झाला नव्हता.

कुणी विणली, तिने विचारलं. टेलरला नाव ठाऊक नव्हतं. त्याचा मेहुणा घेऊन गेला होता. पूल उतरलं की पाण्याच्या टाकीमागे, पत्र्याचं छप्पर.

तिने टेलरला चहाही विचारला नाही. तो गेला तेही तिला कळलं नाही.


छडी

तो कोपरा मुळात तिच्या वडिलांनी चुकवला होता.

वडील दोघांना शिकवायचे, तिला आणि त्याला. तो डावखुरा, म्हणून वडील त्याला डावऱ्या म्हणायचे, आणि लग्नानंतर जावई झाला तरी डावऱ्याच म्हणत राहिले. वडिलांच्या हाताशी बारीक वेताची छडी असायची. गाठ सैल राहिली की बोटांवर एक. एकदा डावऱ्याने तो कोपरा बरोबर विणला. दुसऱ्या दुकानातली खुर्ची बघून आला होता, आणि आनंदाने दाखवायला आणला. वडिलांनी इतकं मारलं की त्याला भाकरीचा तुकडा मोडता येईना. आमच्या दुकानातून माल असाच जातो, वडील म्हणाले. पुढे चूक त्यांनाही कळली असावी. तोवर ती दोघांच्या हातात बसली होती.

म्हणजे असा कोपरा विणणारे जगात तीन हात. वडील गेले. उजवीकडे वळणारी गाठ तिची.

उरला तो.


पाळणा

मुलगी झाली तेव्हा डावऱ्याने पाळणा विणला. वेत कमी पडला, एक बाजू उघडी राहिली. घेऊन येतो म्हणाला आणि होडीने पलीकडे गेला. तेव्हा पूल नव्हता.

परतीची होडी उलटली. काही माणसं सापडली, काही नाही. वेताची मोळी तरंगत काठाला लागली, तिने बांधायला दिलेल्या दोरीसकट. लोकांनी ती आणून दारात ठेवली. मोळी आली, माणूस आला नाही.

त्याच वेताने तिने पाळण्याची बाजू पुरी केली. दुसरं काय करणार. मूल खाली पडलं असतं.

ती मुलगी आता नर्स आहे. आईला दटावून जेवायला बसवते.


बस

तिने दुकानाचं दार ओढून घेतलं. मुलीला फोन लावला, एक रिंग जाऊ दिली, बंद केला.

बसमध्ये खुर्ची मांडीवर. कंडक्टर म्हणाला, मावशी, स्वतःची सीट घेऊन आलात, मग तिकीट अर्धं काढू का. लोक हसले. तीही हसली असावी, कारण कंडक्टर खूश दिसला.

काय बोलायचं ते ती जुळवत होती. होतास कुठे. मग वाटलं, नको. पाळणा पुरा केला मी. मग तेही नको. जिवंत आहेस, एवढंच म्हणावं आणि खुर्ची पुढे करावी.

खाली नदी होती. पूल इतक्यात संपला. बस थांबलीसुद्धा.


काठी

पत्र्याखाली एक तरुण मुलगी खाली बसून विणत होती. डाव्या हाताने.

वेतवालीने खुर्ची ठेवली. मुलीने मान वर केली. आपल्या नर्सपेक्षा दोनेक वर्षांनी लहान. हनुवटी तीच, डावऱ्याची.

"टेलरची ना? मीच विणली होती. बसा मावशी."

तुला कुणी शिकवलं, वेतवालीने विचारलं.

"बाबांनी."

"बोलव त्यांना."

मुलीने सुरी खाली ठेवली. भिंतीवर खिळ्याला वेताची काठी अडकवली होती, मूठ झिजून काळी झालेली. मुलीने त्या काठीकडे नुसतं पाहिलं. बाबा थंडीत गेले, ती म्हणाली. छाती भरली होती. पलीकडच्या मोठ्या दवाखान्यात चला म्हणून मी आणि आई पाया पडलो, पण पुलावर पाऊल ठेवायला तयार नाहीत. पाण्याला भितो म्हणायचे. एवढा मोठा माणूस.

वेतवाली खाली बसली. बसायचं ठरवलं नव्हतं. वर्षानुवर्षं ती ज्याची विधवा होती, तो आत्ता, या घटकेला मेला. रडू आलं नाही. ते कधीच वापरून झालं होतं.

मुलीने पाणी आणून दिलं. मग खुर्ची ओढली आणि कोपरा तपासला.

"हाच कोपरा. लोक म्हणतात चुकीचा आहे. मलाही वाटतं. पण बाबा बदलू द्यायचे नाहीत. मला कधी छडी नाही मारली त्यांनी, पण म्हणायचे, बरोबर विणलास तर बोटं सुजतील. आणि स्वतःशीच हसायचे." तिने तुटकी पट्टी ओढून काढली. "आता ते नाहीत. नीटच करून देते."

"राहू दे," वेतवाली म्हणाली. "आमच्यात असाच असतो."

मुलीचा हात थांबला. "आमच्यात म्हणजे?"

बादलीत पट्ट्या भिजत होत्या. वेतवालीने त्यातली एक निवडली, बोटावर वाकवून पाहिली आणि मुलीपुढे धरली. मुलगी तिच्या चेहऱ्याकडे नाही, बोटांकडे बघत होती. सांध्यांवर जुने पांढरे वण होते, ओळीने, बाबांच्या बोटांवर असायचे तसेच.

पट्टीचं पाणी दोघींच्या मध्ये जमिनीवर ठिबकत राहिलं. मग मुलीने डावा हात पुढे केला.