बाईंनी सोडवलेली गणितं

नव्या वस्तूत खोट काढायला शिक्षकांना वेळ लागत नाही, हे मला चार वर्षांच्या नोकरीत पुरतं कळलंय. म्हणून जयपूरच्या विद्याधर नगरातल्या शाळेतून एकही तक्रार आली नाही तेव्हा मी हुरळून गेले. आमच्या कंपनीचे अठ्ठावीस टॅब तिथे पहिलीच्या वर्गाला सहा आठवडे चाचणीसाठी दिले होते. मुलं रोज दहा-दहा गणितं सोडवत होती. कुणाला आठ गुण, कुणाला पाच, अगदी खऱ्या वर्गासारखं.

मग मी टॅबच्या नोंदींतली वेळ पाहिली. सगळी गणितं दुपारी दोन ते चारमध्ये सोडवलेली, आणि शाळा सुटते एकला. कुठेतरी पाणी मुरत होतं.

वर्गशिक्षिका मधुमती बर्वे आमच्या मराठी मंडळातल्याच. मी त्यांना काकू म्हणते. त्यांचे यजमान, म्हणजे काका, विमा कंपनीतल्या बदलीवर इथे आले आणि दोघं जयपूरचीच होऊन गेली. दर गणपतीत मी काकूंच्या हातचे मोदक खाते, त्यामुळे जाब विचारायला जायचं जिवावर आलं. चाचणीत खोटेपणा झाला की शिक्षकाचं नाव अहवालात जातं आणि अहवाल प्रिन्सिपलकडे. निवृत्तीला दोन वर्षं उरलेल्या बाईंची अब्रू माझ्या लॅपटॉपमध्ये होती.

काकूंनी आढेवेढे घेतले नाहीत. टॅब हातात दिले की मुलं पडद्यावर नाचणाऱ्या हत्तीलाच बोटं लावत बसायची, तास वाया जायचा. म्हणून शाळा सुटल्यावर त्या स्वतः एकेक टॅब घेऊन मुलांच्या नावाने गणितं सोडवायच्या. प्रगतिपुस्तकं आम्हीच भरतो की, म्हणाल्या.

"पण मग चुका?" मी विचारलं.

"त्यापण मीच केल्या. मतलब, ज्याची जिथे होते तिथेच. सगळी बरोबर दिली असती तर ते खोटं नसतं का झालं?"

मला रागही आला आणि हसूही आवरेना. शेवटी म्हटलं, आज मुलांनाच देऊन बघू. हत्ती मी बंद केला. दोन मिनिटांचं काम, मी पहिल्याच आठवड्यात येऊन विचारलं असतं तर तेव्हाच झालं असतं.

मुलं माना खाली घालून भिडली. निकाल येत गेले तशी मी चाट पडले. काकूंनी दिलेले गुण आणि मुलांचे गुण यांत एखाद-दुसऱ्याचा फरक. वजाबाकी दिसली की कोण बेरीजच करून मोकळा होतो, हेही त्यांनी अचूक धरलं होतं. काकूंची मान ताठ झाली.

राहिली गुलाब कंवर. शेवटच्या बाकावरची, वर्गात चकार शब्द न काढणारी. तिला काकू रोज तीन गुण द्यायच्या. आज तिला दहा मिळाले. टॅब बिघडला असेल म्हणून काकूंनी दुसरा दिला आणि शेजारी बसल्या. पुन्हा दहा.

"बेटा, पहले क्यों नहीं बताया?"

गुलाब टॅबकडे बघतच हळूच म्हणाली, "इसमें बोलना नहीं पड़ता."

काकू त्या बुटक्या बाकावर तिच्याकडे सरकल्या. मग तिची वही ओढून त्यांनी एक अवघड गणित लिहिलं, तोंडाने काही न बोलता. गुलाबने उत्तर लिहिलं आणि त्यांच्यासाठी त्याहून अवघड एक घातलं. दोघींना हसू फुटलं. मला फार बरं वाटलं.

निघताना मी म्हटलं, अहवालात नाव टाळता येतं का बघते. काकूंनी नकारार्थी मान हलवली.

"नाव घाल माझं. आणि खाली हेही लिही, की गुलाबला मी सहा आठवडे तीनच देत होते."