सुताराने पसंत केलेली पेटी

मी पेटी बोलतेय. दागिन्यांची नव्हे, कपड्यांची तर नव्हेच. विमानातून सायकल न्यायची टणक, काळी, पोट सुटलेली पेटी. चार चाकं, सहा कड्या आणि रिकाम्या पोटी वजन अकरा किलो. बाईमाणसाला वजन विचारू नये म्हणतात, पण माझ्या धंद्यात लोक सगळ्यात आधी तेच विचारतात.

जन्म कारखान्यातला. गरम प्लास्टिक साच्यावर ओढलं, गार केलं, कडा कापल्या, बिजागऱ्या ठोकल्या, झाली पेटी. कौतुक वगैरे कुणी केलं नाही. तिथून थेट सायकलच्या दुकानात, खालच्या फळीवर.

माझ्या एका बाजूला जाड अस्तराची कापडी पिशवी होती, घडी घालून कपाटात मावणारी. दुसऱ्या बाजूला माझीच धाकटी बहीण, पातळ अंगाची. गिऱ्हाईक यायचं, पिशवी उचलून "वा, किती हलकी!" म्हणायचं, मग मला उचलायचं आणि "बापरे!" म्हणून खाली ठेवायचं. आठ महिने मी ते "बापरे" ऐकलं.

मग एक दिवस एक सुतार आला. बरोबर त्याची लेक. घरात तिला भिंगरी म्हणतात, एका जागी बसेल तर शपथ. ती सायकलच्या शर्यतीत उतरते. तिच्या हातात मापांचा कागद होता: चाकं काढल्यावर सायकल किती लांब, हँडल वळवल्यावर किती रुंद. ती शहाण्यासारखी टेप लावून मोजत होती. आणि सुतार? तो गुडघ्यांवर बसून बिजागऱ्या तपासत होता.

"यावर उभा राहू का?" त्याने दुकानदाराला विचारलं.

"काका, पेटी आहे ती, स्टूल नाही."

"विमानतळावर हिच्यावर सामान टाकणारे काय विचारून टाकतात?"

सुताराने चपला काढल्या आणि आधी माझ्या धाकट्या बहिणीवर चढला. ती मधोमध खचली. मग माझ्यावर चढला. मी हूं की चूं केलं नाही.

"हीच घे," तो लेकीला म्हणाला.

"जड आहे बाबा. तेवीस किलोची मर्यादा आहे. पेटी अकरा, सायकल आठ. उरले चार."

"चार किलोत मावतील तेवढेच कपडे ने. पण ही घे."

त्याच्या आवाजात अशी काही अजिजी होती की लेकीने वर बघितलंच नाही. "बरं. पण भरणार मी," एवढंच म्हणाली.

हे असं का, ते मला घरी गेल्यावर कळलं. मागच्या वर्षी सायकल सुतारानेच बांधली होती, पुठ्ठ्याच्या खोक्यात. "माझ्या बांधणीत काचेचा ग्लाससुद्धा तडकणार नाही," अशी फुशारकीही मारली होती. सुताराचा हात तो! सरस लावून चिकटवलेली खुर्ची आवळून ठेवतात, तशी त्याने सायकल पट्ट्यांनी करकचून आवळली. पुढचं चाक काढलेलं, त्यामुळे ते जिथे बसतं तो चिमटा पोकळ राहिला. त्याचे दोन पाय आत दाबले गेले, खोक्याला धक्का बसला आणि एक पाय तडकला. भिंगरी ती शर्यत रस्त्याच्या कडेला उभी राहून बघून आली. घरी आल्यावर एका शब्दाने बोलली नाही. फक्त तेव्हापासून तिने बाबांना सायकलला हात लावू दिला नाही. शिव्या घातल्या असत्या तर सुताराने ऐकून घेतल्या असत्या. तिचं हे गप्प राहणं त्याला खात होतं.

तर निघायच्या सकाळी ती मला भरायला बसली. पायडल काढली, सीट उतरवली, चाकं पिशव्यांत घातली, मध्ये स्पंजचे तुकडे ठेवले. नीटनेटकं काम, नावं ठेवायला जागा नाही. सुतार दारात उभा. आणि मला नि त्याला एकाच वेळी दिसलं, चिमटा परत पोकळच राहिला होता.

"एक सांगू का?"

"नको बाबा. प्लीज."

ती अंघोळीला गेली. तो दोनदा दारापर्यंत आला, दोनदा मागे गेला. तिसऱ्यांदा आत आला आणि खिशातून एक लाकडी ठोकळा काढला. बरोबर चिमट्याच्या मापाचा, कडा घासलेल्या, दोन्ही टोकांना जाड कापड चिकटवलेलं. किती दिवस खिशात बाळगून होता कोण जाणे. पाण्याचा आवाज थांबायच्या आत त्याने माझं झाकण उघडलं, ठोकळा बसवला, झाकण लावलं. मीही बिजागऱ्या कुरकुरू दिल्या नाहीत. चोरीत सामील म्हणा हवं तर.

विमानतळावर काट्याने चोवीस किलो सातशे दाखवले. बाबांचं कपड्यांबद्दलचं बोलणं भिंगरीने कानाआड केलं होतं. कपडे काढायला तिने मला तिथेच उघडलं आणि ठोकळा दिसला.

अशी लाल झाली ती! ठोकळा उपटून काढला आणि काउंटरवर आपटला. मला वाटलं, संपलं. आता हा जाणार कचऱ्यात, आणि बापलेकीत जे काही उरलंसुरलं होतं तेही.

मग तिने चिमट्याचे दोन पाय बोटांनी दाबून बघितले. थोडे आत आले. पुन्हा दाबून बघितले.

"ताई, ते लाकूड काढलंत तर..." काउंटरवरचा माणूस म्हणाला.

"लाकूड जाणार," ती म्हणाली. ठोकळा परत बसवला, दोन जाकिटं अंगावर चढवली, बूट गळ्यात अडकवले. मागच्या रांगेत हशा पिकला. तिने ढुंकूनही पाहिलं नाही.

विमानातून उतरवताना मी गाडीवरून पडले, थेट नाकावर. वरून आणखी दोन बॅगा. माझा कोपरा आत गेला, कडेला बोटभर चीर पडली. दुखलं हो, खोटं कशाला बोलू?

मुक्कामाच्या खोलीत तिने मला उघडलं. ठोकळ्याच्या दोन्ही टोकांवर खोल वळ उठले होते. चिमटा मात्र सरळ. हात फिरवून, उजेडात धरून, पुन्हा हात फिरवून तिने खात्री केली आणि फरशीवर फतकल मारून बसली. मग फोन लावला.

तिने तोंड उघडायच्या आत पलीकडून सुतारच बोलला, "भिंगरे, मी तुला न विचारता पेटी उघडली होती. आधी ते ऐकून घे, मग सायकलचं सांग."

"माहीत आहे. काउंटरवरच कळलं."

"काढलास ठोकळा?"

"काढला होता. परत घातला. चिमटा शाबूत आहे, बाबा."

पलीकडे नाक ओढल्याचा आवाज आला. "मागच्या वेळी माझ्यामुळे..."

"हो, तुमच्यामुळेच!" ती म्हणाली. आणि मग वर्षभराचं सगळं बोलली, रडत, भांडत. तो नुसता "हो गं, हो" म्हणत राहिला. मला फार बरं वाटलं.

शर्यत काल झाली. साठ जणींत ती अठरावी आली. परतीचं विमान आज आहे. मी खोलीत उघडी पडलेय, चिरेवर चिकटपट्टी, कोपऱ्याला पोचा. तुम्ही पेटी घ्यायला जाल तेव्हा लांबी मोजा, वजन करा, चाकं ढकलून बघा. हलकीच हवी असेल तर हलकी घ्या, मी रागावणार नाही. पण कुणी तुमच्यासाठी दुकानात गुडघ्यांवर बसलं असेल, तर त्याला घरी दाराबाहेर उभं करू नका, एवढं ऐका माझं.

भिंगरीने आत्ता फोन खुर्चीला टेकवून माझ्यासमोर ठेवलाय. पडद्यावर सुतार आहे, चष्मा पुसतोय. सायकलचे सगळे भाग फरशीवर पसरलेत आणि ती एकालाही हात न लावता बसलीय.

"हं बाबा," ती म्हणते, "सांगा. आधी काय ठेवू?"