हात न टेकता

राणीसावरगावच्या बायनाबाई सत्तरीच्या. उभा जन्म रानात राबण्यात गेला. गेल्या पोळ्याच्या सुमारास न्हाणीत पाय सटकला आणि खुब्याचं हाड मोडलं. परभणीला ऑपरेशन झालं, आत रॉड बसला, चालायला वॉकर मिळाला.

मुलगा सिद्धोधन शाळेत शिक्षक. त्यानं आईला फार जपलं. उठताना धरायचा, बसताना धरायचा, पाण्याचा तांब्याही हातात द्यायचा. शेजारच्या कुसुमबाई सांगून गेल्या, "आता हलूच नका." दोन महिन्यांत त्या बाजूची मांडी काडीसारखी झाली.

तपासणीला गेल्यावर डॉक्टरांनी एक्स-रे पाहिला, हाड चांगलं जुळतंय म्हणाले आणि फिजिओथेरपिस्ट अर्पिताकडे पाठवलं. तिनं बायनाबाईंना खुर्चीवर बसवलं.

"आजी, हात न टेकता उठा बरं."

बायनाबाईंनी जोर लावला. जागच्या हलल्याही नाहीत.

"मांडीतली ताकद गेलीय," अर्पिता म्हणाली. "नुसतं चालून ती येणार नाही. पायाला वजन बांधून व्यायाम करावा लागेल, वजन हळूहळू वाढवावं लागेल."

"या वयात वजन?" सिद्धोधन दचकला.

"वजनाचं मला नगं सांगू," बायनाबाई म्हणाल्या. "कापसाचं गाठोडं डोक्यावर घेऊन बांध चढलेली बाई हाय मी."

घरी सून बबितानं जाड कापडाच्या पिशव्या शिवून त्यात अर्धा-अर्धा किलो वाळू भरली. त्या घोट्याला बांधून खुर्चीत बसायचं आणि पाय सरळ करायचा. मग ओट्याला धरून टाचा उचलायच्या. खुर्चीवर दोन उशा ठेवून बैठक उंच केली. हात छातीशी घेऊन उठायचं. पहिल्या दिवशी कसंबसं तीनदा जमलं. पंधरा दिवसांत दहादा जमलं, तेव्हा बबितानं एक उशी काढली. मांडी ठणकायची. अर्पितानं फोनवर सांगितलं, "मांडी भरून आली तर चालेल. खुब्यात कळ आली तर थांबा आणि मला कळवा."

एका संध्याकाळी सिद्धोधन घरी आला, तर माय दारातल्या पायरीवर चढ-उतार करत होती. त्यानं धावत जाऊन तिचा दंड धरला.

"सोड."

"पडशील, माय."

"तू धरलं की माझा पाय कामच करत न्हाई. बाजूला भिंत हाय, बबिता हाय. तू तिथं बस अन् मोज."

तो बसला, मोजू लागला. नवव्या वेळी पाय थरथरला. बायनाबाईंनी भिंतीला हात लावला, श्वास घेतला आणि बारा पुरे केले. दुसऱ्या दिवसापासून मोजायला तो आपणहून येऊ लागला.

चार महिन्यांत वाळू दोन किलोवर गेली, वॉकर माळ्यावर गेला. परभणीला अर्पितानं घड्याळ लावलं. बायनाबाई हात न टेकता पाच वेळा उठल्या-बसल्या. चौदा सेकंद लागले. "तुमच्या वयाला छान," अर्पिता म्हणाली.

समोरच्या बाकावर मुंजाजी नावाचे म्हातारे हे बघत होते. त्यांचंही नुकतंच ऑपरेशन झालेलं. "आपलं काय, आता खाटंवरच," ते लेकीला म्हणाले.

बायनाबाई त्यांच्यापुढं जाऊन उभ्या राहिल्या. "दादा, मला बी पयल्या दिशी हितं एकदाबी उठता आलं न्हवतं. या मॅडम सांगतील तसं करा."

"दुखतं का लय?"

"दुखतं. पर रोज थोडं जास्त जमायलंय म्हणलं की दुखण्याचं काई वाटत न्हाई."

मुंजाजींनी बायनाबाईंच्या पायांकडे पाहिलं. मग लेकीला म्हणाले, "मॅडमला इचार, आजच सुरू करता येतंय का."