वाढलेला आकडा

गोळी अर्धी केल्यावर कोणाला काय मिळणार, याचा आढावा स्टोअरकीपरने सुरी हातात घेण्यापूर्वीच घेतला होता. बायकोच्या चेहऱ्यावरची सूज उतरणार, सदानकदा येणारी पेंग जाणार, संध्याकाळी फिरायला सोबत मिळणार. आणि स्वतःच्या वाट्याला? एका डॉक्टरची चूक पकडल्याचं समाधान. निवृत्त माणसाला असलं समाधान सहजी मिळत नाही.

"अहो, गोळी आहे ती, लाकूड नव्हे," बायको म्हणाली. "कशाला कापताय?"

त्याने रक्ताचा रिपोर्ट तिच्यापुढे सरकवला. टीएसएचसमोर नऊ. पाचच्या आत हवा होता. शेजारी वर तोंड केलेला बाण.

"बघ. थायरॉइडचा माल जास्त झालाय. माल जास्त झाला की आवक कमी करायची. त्यात काय एवढं?"

"मग डॉक्टरांना दाखवा ना! तपासणी त्यांनीच सांगितली होती."

"तिथे दोन तास बसायचं आणि ते दोन मिनिटं बघणार. बत्तीस वर्षं पंपाच्या कारखान्याचं स्टोअर सांभाळलंय मी. एक वॉशर इकडचा तिकडे झाला नाही."

"वॉशरना तोंड नव्हतं म्हणून."

कारखान्यातले इंजिनियर त्याला वचकून असत. घरात मात्र त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत उत्तर तयार असे. तरीही तिने अर्धी गोळी घेतली. माणूस कितीही फटकळ असला तरी कुठेतरी विश्वास टाकतोच, आणि बहुतेक वेळा चुकीच्या जागी.

तीन महिन्यांनी आकडा एकतीस आला. स्टोअरकीपर चकित झाला, डगमगला नाही. मुरलेला माल आहे, उपसायला वेळ लागणारच, असं म्हणून त्याने गोळी पाव केली. पुढच्या खेपेला अडुसष्ट. मग त्याने आवकच बंद केली.

बायको मंदावत चालली होती. भर दुपारी स्वेटर, आवाज घोगरा, फणीत केसांचे पुंजके. तिचं उत्तर आधी त्याने चपला घातल्यावर येऊ लागलं, मग तो जिना उतरून गेल्यावर, आणि मग येईनासंच झालं. स्टोअरकीपरला वाटलं, उशिरा का होईना, बायकोला शहाणपण आलं.

"थकलेय हो," ती एकदा म्हणाली. "आत कुणीतरी एकेक दिवा मालवत चाललंय."

"आकडा खाली येऊ दे, मग बघ कशी पळतेस."

थंडीत तिला खोकला धरला. आठव्या दिवशी सकाळी हाका मारून मारून त्याचा घसा बसला, तेव्हा कुठे तिने डोळे किलकिले केले. अंग फरशीसारखं गार. इस्पितळात डॉक्टरने तिच्या कानाशी वाकून मोठ्याने विचारलं, "बाई, गोळी कोणी बंद केली?"

स्टोअरकीपरने घसा खाकरला. तेवढ्यात, कित्येक महिन्यांनी, बायकोचं उत्तर वेळेवर आलं.

"मीच. कंटाळा... आला होता."

डॉक्टरने ते कागदावर उतरवलं आणि स्टोअरकीपरला बाहेर नेलं.

"आधीचे रिपोर्ट कोणी पाहिले नाहीत का? आकडा चढत गेलाय."

"म्हणजे... जास्त झालं होतं ना?"

"अहो, हा आकडा गोळीतल्या औषधाचा नाही. थायरॉइड कमी पडलं की मेंदूकडून मागणी येते, आणखी दे, आणखी दे. ती मागणी म्हणजे हा आकडा. नऊ आला तेव्हा गोळी थोडी वाढवली असती, तरी भागलं असतं."

स्टोअरकीपर बाकावर बसला. बत्तीस वर्षांत त्याने मागणीची चिठ्ठी कधी शिल्लक म्हणून वाचली नव्हती. इथे एक शरीर वर्षभर चिठ्ठ्या पाठवत होतं, दर वेळी मोठ्या अक्षरात, आणि तो दर वेळी स्टोअरची खिडकी थोडी आणखी लोटून घेत होता.

आत जाऊन डॉक्टरला खरं सांगावं, असं त्याच्या मनात आलं. उद्या सांगू, असंही आलं. चौथ्या दिवशी ती गेली, आणि मग सांगायला घाई उरली नाही.

भेटायला येणारे हळहळत, "बायका स्वतःकडे लक्षच देत नाहीत." तो मान हलवी. लेक मात्र रडेना. ती संतापली होती.

"कंटाळा आला म्हणे! रोज एक गोळी गिळायचा कंटाळा? आमचा काही विचार केला का हो तिने, बाबा?"

"असू दे," तो म्हणाला.

"कसं असू दे? मी तिला कधी माफ करणार नाही."

निघताना त्याने लेकीची बॅग गाडीत ठेवली. तिने काच खाली केली.

"बाबा, तुम्ही तरी आपल्या औषधांकडे लक्ष द्या."

"हो," तो म्हणाला.

गाडी वळेपर्यंत तो फाटकाशी उभा राहिला. जीव बायकोचा गेला, दोषही तिनेच घेतला, आणि लेकीचा रागही तिच्याच वाट्याला गेला. त्याच्याकडे कोणी काहीच मागितलं नाही.