गोल्फगाडीची परतफेड

माझे सासरे दुर्गाप्रसाद, ज्यांना मी मामाजी म्हणतो, आमच्या घरी येतात, चहा पितात आणि जाताना बशीखाली दहाची नोट ठेवतात. लग्न झालं तेव्हापासून ठेवतात. लेकीच्या घरचं फुकट घशाखाली उतरवायचं नाही, हा त्यांचा नेम. नुसतं पाणी प्यायले तर नाणं, जेवले तर मोठी नोट. माझं गोंदियात नळ-पाइपचं दुकान आहे, खानावळ नाही, हे मी रेणूला, म्हणजे माझ्या बायकोला, किती वेळा सांगितलं असेल. ती म्हणते, बाबुजींची पद्धत बाबुजींपाशी. त्या नोटा ती बिस्किटाच्या डब्यात टाकते आणि अधूनमधून डबा उघडून रडते. खर्च मात्र करत नाही.

मामाजींची दुसरी गोष्ट म्हणजे ते गोल्फ खेळतात. आमगावपासून थोडं आत त्यांचं गाव. तिथे गोल्फचं मैदान नाही आणि असायचं कारणही नाही. पण मामाजी रेल्वेत कारकून होते, आणि बदलीच्या एका गावी साहेबलोक संध्याकाळी गोल्फ खेळायचे. मामाजी कुंपणाबाहेर सायकल धरून बघत उभे राहायचे. एका साहेबानं जाताना त्यांना एक जुना बॉल दिला. त्या एका बॉलवर माणसाचं उरलेलं आयुष्य फिरलं. निवृत्त होऊन गावी आल्यावर त्यांनी घरामागच्या तीन बांध्यांमध्ये, म्हणजे धानाच्या तुकड्यांमध्ये, खड्डे खणले. धान कापून झालं, बांधीतलं पाणी आटलं की यांचा खेळ सुरू, तो थेट पुढच्या रोवणीपर्यंत. शेजारीपाजारी त्याच ओलीवर लाखोळी पेरतात. मामाजी पेरत नाहीत, बॉल सापडत नाही म्हणून.

माझ्या सासूबाई सत्यभामामामी यावर एकच वाक्य बोलतात. "साऱ्या गावाच्या घरी लाखोळीची डाळ, अन आमच्या घरी गड्डे."

खेळायला जोडीदार मंगरू. तो मामाजींच्याच वयाचा, त्यांच्याच शेतावर राबलेला. स्टिकही त्यानंच करून दिली होती, बांबूच्या बुडाचा वाकडा गाठाळ तुकडा तासून. नियम दोघांनी बसून ठरवले होते. बॉल ओल्या शेणात पडला तर उचलायचा, वाळलेल्या शेणावर पडला तर तिथूनच मारायचा. शेळीनं बॉल तोंडात धरून नेला तर ती जिथे टाकेल तिथून पुढचा डाव. शेळी मंगरूची होती आणि ती दर वेळी मंगरूच्या सोयीच्या जागी बॉल टाकते, असा मामाजींना संशय होता. पण नियम म्हणजे नियम.

इथवर सगळं ठीक होतं. बिघडलं ते गेल्या संक्रांतीला. रेणू माहेरी गेली आणि तिनं बापाला बांबूनं खेळताना पाहिलं. तसं तिनं ते आधीही पाहिलं होतं, पण या वेळी शेजारणीच्या देखत पाहिलं. परत आली ती थेट माझ्या दुकानात.

"अजी, बाबुजी बांबूनं खेळून राहिले," ती म्हणाली. "अन मी लेक असून पाहून राहिली. मले नाई पाहवत. आपण त्यांना खरी स्टिक घेऊन देऊ."

मी म्हटलं, घेऊ. गिऱ्हाईक नव्हतं म्हणून दोघं मोबाइल घेऊन बसलो. आता पाइप घ्यायचा तर जाडी विचारता येते, नळ घ्यायचा तर पितळ आहे की पॉलिश मारलेलं ते नखानं खरवडून बघता येतं. गोल्फच्या स्टिकला काय विचारायचं? पडद्यावर शंभर स्टिका, सगळ्या सारख्याच. आम्हाला दोघांनाही कळण्यासारखी एकच गोष्ट त्यात लिहिलेली होती, ती किंमत. रेणूनं सगळ्यात महागडी वर आणली आणि वरून खाली बघायला लागली. फार खाली ती गेलीच नाही.

स्टिक आली. मामाजींनी ती दोन्ही हातांत घेतली, तिच्या मुठीचा वास घेतला, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. हे मी स्वतः पाहिलं आहे, म्हणून सांगतो. तेवढ्यात माझा मेहुणा नीलेश, याला नखाएवढीही अक्कल नाही, त्यानं स्टिकचा फोटो काढून मोबाइलला विचारलं आणि मोठ्यानं किंमत वाचून दाखवली. मामाजींनी स्टिक हळूच खाटेवर ठेवली. आठवड्याच्या आत आमच्याकडे मिक्सर आला.

घरात आधीच एक मिक्सर होता. रेणूनं नवा मिक्सर बघितला, त्याची किंमत काढली आणि तोंडात मारल्यासारखी बसून राहिली.

"आपली स्टिक हलकी वाटली बाबुजीले," ती म्हणाली.

मी सांगून पाहिलं. बाई, तुझ्या बापाच्या हिशेबी लेकीकडून काही आलं की त्याहून भारी परत गेलंच पाहिजे, नाहीतर ते अंगावर राहतं. यात हलकं-जड वाटण्याचा प्रश्नच नाही. पण तिनं ते ऐकलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती. उन्हाळ्यात मामाजींच्या वाढदिवसाला तिनं बॅगेसकट अख्खा संच पाठवला. तिकडून फ्रिज आला. दिवाळीला तिनं गोल्फचे बूट, टोपी, कोट आणि अंतर मोजायची एक परदेशी दुर्बीण पाठवली. या बांधीत उभं राहून त्या बांधीतल्या माणसाला तंबाखू मागता येते, तिथे अंतर मोजायची दुर्बीण. तिच्या बदल्यात टेम्पोतून म्हैस आली, शिंगांना गेरू लावून, गळ्यात नवा दोर घालून.

आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो. म्हशीनं जिना नुसता बघितला आणि मान फिरवली. शेवटी तिला माझ्या गोदामात बांधली. तेव्हापासून गिऱ्हाइकं पाइप हातात घेतात आणि आधी वास घेतात. विकूनही टाकता येत नव्हती, कारण ती बाबुजींनी दिलेली. रेणूनं तिच्या दुधाचं तूप कढवून बापाला पाठवलं, तर तिकडून तेलाचं पिंप आलं.

मी मामाजींना फोन लावला. म्हटलं, मामाजी, परत पाठवणं बंद करा, माझ्या घरात चालायला जागा उरली नाही.

"जवाईबापू," ते शांतपणे म्हणाले, "म्हणजे मी लेकीचं खाऊ?"

रेणूला म्हटलं, तू तरी थांब. ती म्हणाली, "बापानं मले म्हैस द्यावी अन मी चूप बसावं? लोकं काय म्हणतील मले?" मग मी दोघांचाही नाद सोडला आणि म्हशीला पेंड टाकायला गेलो.

बरं, त्या महागड्या स्टिकांचा उपयोग काय झाला म्हणाल, तर शून्य. मामाजींनी पहिल्याच दिवशी नव्या स्टिकनं बॉल मारला, तो तिन्ही बांध्या, बोडीचं, म्हणजे तळ्याचं, पाणी आणि सडक ओलांडून एका टेम्पोच्या ताडपत्रीत जाऊन बसला आणि टेम्पोबरोबर सालेकशाकडे निघून गेला. मंगरूनं सायकलवर मागे जाऊन तो आणला. त्यानंतर स्टिका पुसूनबिसून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून पेटीवर ठेवल्या गेल्या. दसऱ्याला विळा-कुदळीबरोबर त्यांची पूजा झाली. आणि बांधीत खेळ पुन्हा बांबूनंच चालू. म्हणजे नुकसान झालं ते माझ्या घरातल्या जागेचं. मामाजींचा खेळ शाबूत होता. म्हणून मी अजून तरी हसत होतो.

माझं हसू गेलं ते यंदाच्या संक्रांतीला. रेणूनं नागपूरच्या एका व्यापाऱ्याकडून वापरलेली गोल्फगाडी घेतली. बॅटरीवर चालणारी, पांढरी, वर छप्पर. तिच्या पायी रेणूच्या दोन बांगड्या गेल्या, आणि हे तिनं मला गाडी ट्रकवर चढल्यावर सांगितलं. मी रागावलो. मग तिचं तोंड बघितलं. "एकदा तरी बाबुजींनी घ्यावं अन ठेवून घ्यावं," ती म्हणाली. "फक्त एकदा."

गावात गाडी उतरली तेव्हा शाळा सुटल्यावर जमतात तेवढी माणसं जमली. मामींनी गाडीला कुंकू लावलं, नारळ फोडला, चाकांखाली लिंबं ठेवली. मामाजींना आत बसवलं. त्यांनी चाक धरलं, पाय दाबला, आणि गाडी आवाज न करता अंगणातून एक गोल फिरून आली. मामाजी रेल्वेच्या साहेबासारखे ताठ बसले होते आणि लहान मुलासारखे हसत होते. एकानं तिथल्या तिथे पोराच्या वरातीसाठी गाडीचं बुकिंग विचारलं. गाडी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, चढत नव्हती आणि बांधीत उतरत नव्हती, पण त्याची कुणाला पर्वा नव्हती. तेवढ्यात नीलेशनं खिशातून मोबाइल काढला. मी त्याचा हात धरला, पण तो हातानं नाही, तोंडानं वाचतो.

किंमत ऐकून मामाजी गाडीतून उतरले. पंधरवड्यानं ते गोंदियाला आले, चहा प्यायले, बशीखाली नोट ठेवली आणि टेबलावर एक कागद ठेवला. घरामागच्या तिन्ही बांध्या त्यांनी रेणूच्या नावावर करून दिल्या होत्या.

"आता बरोबर झालं," ते म्हणाले आणि स्टेशनकडे निघाले.

मला वाटलं, चला, देवाणघेवाण संपली. बांध्या कागदावर कुणाच्याही असोत, म्हातारा तिथेच खेळेल. पण चार दिवसांनी मामींचा फोन आला. "बाबुजी खेळत नाईत व रेणू. सकाळीच जातेत अन धुऱ्यावर बसून राहतेत. आत पाय ठेवत नाईत. म्हणतेत, लेकीची जागा आहे, लेकीच्या जागेवर फुकट कसा खेळू. जेवणही बरोबर नाई." मग मामी म्हणाल्या, "लाखोळी नाई तं नाई, पण यायले खेळाले लाव न."

रेणू फोन ठेवून खाली बसली. बापाचा खेळ आपणच बंद केला, हे तिला त्या क्षणी पुरतं कळलं, आणि मलाही. इतकं हसलो होतो मी या माणसाच्या खड्ड्यांवर.

रविवारी थर्मासमध्ये चहा भरून आम्ही पहिल्या गाडीनं आमगाव गाठलं आणि तिथून गावी पोहोचलो. मामाजी धुऱ्यावर बसले होते. बाजूला मंगरू, मंगरूची शेळी. बॉल बांधीच्या मधोमध पडला होता. तो शेवटच्या डावाचा होता आणि तो आणायलाही कुणी आत गेलं नव्हतं. मंगरूनं जावं तर त्यालाही मामाजींनी अडवलं होतं.

"बाबुजी, खेळा न," रेणू म्हणाली.

"कोणाच्या बांधीत?"

"मी कागद फाडून टाकते."

"देल्लेलं वापस घेऊ काय मी?" मामाजी म्हणाले. "बाई, माझ्यापाशी आता वापस करायले काई उरलं नाई. गाडी तेवढी गोड मानून घेतली मी. आता हे राहू दे."

रेणूनं चपला काढल्या, मंगरूच्या हातातली बांबूची स्टिक घेतली आणि सरळ बांधीत उतरली.

"लहानपणी तुमच्यासंगं चिंचोक्यांनी खेळायची मी," ती म्हणाली. "माझे सारे चिंचोके जिंकून घ्यायचे तुम्ही, मी रडली तरी वापस नाई द्यायचे. काय म्हणायचे तेव्हा?"

उत्तर मंगरूनंच दिलं. "जिंकलेलं आपलं म्हणायचे. मले बी म्हणतेत."

"मंग लावा डाव. ज्याचा बॉल आधी गड्ड्यात, त्याच्या बांध्या. जिंकलं तं लेकीचं खाल्लं असं नाई होत."

आता डावाला नाही म्हणणं मामाजींना जमत नाही, हे तिला माहीत होतं. ते उठले, धोतर खोचलं आणि बांधीत उतरले. मंगरूनं आणखी एक बॉल काढून दिला. मामाजींनी नेम धरला, श्वास रोखला आणि खड्ड्याच्या बरोबर उलट्या दिशेला बॉल मारला.

मला आधी वाटलं चुकलं. मग कळलं. या माणसाला जिंकायचं नव्हतंच. जिंकला असता तर बांध्या परत येऊन गाडी अंगावर राहिली असती. आणि रेणूला तर हरायलाच हवं होतं. जन्मात दोघांपैकी कुणी इतकं मन लावून खेळलं नसेल. मामाजी बॉल कुंपणात घालत, रेणू बोडीकडे ढकलत. बापाला येत होतं म्हणून तो नेमकं चुकवत होता. लेकीला येत नव्हतं, म्हणून तिचं काय होईल याचा भरवसा नव्हता. तिनं एकदा डोळे मिटून फटका मारला. बॉल एका धसकटावर आपटला, वळला आणि थेट खड्ड्याकडे घरंगळत निघाला.

रेणू किंचाळत त्याच्यामागे धावली, पण हात लावणं नियमात नव्हतं. मामाजीही धावले, पण काही न करता नुसतेच बाजूनं. बॉल खड्ड्याच्या काठावर येऊन डळमळला. तेवढ्यात मंगरूची शेळी आली, बॉल तोंडात धरला आणि शांतपणे दोन बांध्या ओलांडून बाभळीखाली नेऊन टाकला.

"थेथून," मंगरू म्हणाला.

मामाजी गुडघ्यांवर हात ठेवून हसायला लागले. रेणू धुऱ्यावर बसून हसली, मग रडली, मग परत उठून बाभळीकडे गेली. दुपार उतरेपर्यंत ते खेळत होते. कुणीही जिंकलं नाही. डाव पुढच्या रविवारवर गेला, आणि डाव संपत नाही तोवर बांध्या कुणाच्याच नाहीत, म्हणून मामाजींनी मंगरूसोबत रोज सराव करायला हरकत नाही, असं मंगरूनंच ठरवलं. मामाजींनी विचार केला आणि मान डोलावली.

रेणूनं थर्मास उघडून सगळ्यांना चहा दिला. आमच्या घरचा चहा, आमच्या म्हशीच्या दुधाचा. मी सवयीनं मामाजींच्या हाताकडे बघत होतो. हात खिशाकडे गेला नाही. त्यांनी एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं.

"साखर कमी झाली व, रेणू," ते म्हणाले.

एवढ्या वर्षांत त्यांनी आमच्या चहाला नाव ठेवलं नव्हतं.

"पुढच्या रविवारी जास्त टाकीन," ती म्हणाली आणि रिकामा कप त्यांच्या हातातून घेतला.