तुकडा फिरवला तेव्हा

निजामोद्दीननं कॅन तिरपा केला आणि थर्मासात नायट्रोजन फसफसत उतरला. पांढरी वाफ टेबलावरून खाली सांडली.

"बाई, आज इतकाच है. बाकीचा जनावरांच्या कामाचा."

वळूंचं वीर्य टिकवायला लागणारा हा द्रव तो आपल्या नोकरीच्या ठिकाणाहून, जाफराबादच्या गुरांच्या दवाखान्यातून, मोटारसायकलवर बांधून जालन्याच्या कॉलेजात घेऊन आला होता. म्हणजे आज जमलं तर जमलं.

शिकवणं सांभाळून उषाबाईंनी सहा वर्षं रेटलेली पीएच.डी. या नखाएवढ्या तुकड्यावर येऊन अडली होती. तुकड्यावर तांब्याच्या ऑक्साइडचे थर, पदराच्या पोळीला असतात तसे, पण तिरपे बसलेले. थरांच्या अंगानं वीज सुळकन जाते, थर ओलांडताना मात्र तिची दमछाक होते. म्हणूनच विजेला होणारा आडवा रोध उभ्याच्या चौपट येतो, असं बाईंचं म्हणणं. औरंगाबादचे मार्गदर्शक अण्णासाहेब यांनी ते एका वाक्यात उडवून लावलं होतं: रोध मोजणाऱ्या आडव्या पिना खराब आहेत, तुकडा फेका.

फेका म्हणे! सोन्यासारखा तुकडा!

"पिना नव्या बसवल्या का?" निजामोद्दीननं विचारलं.

"न्हाई. पिना त्याच. तुकडाच पाव फेरा फिरवलाय. खोट पिनांत असली तर मोठा आकडा जागचा हलणार न्हाई. माझं बराबर असलं तर तो तुकड्यासंगं फिरंल, उभ्या पिनांवर यील."

तुकडा बसवलेली दांडी त्यांनी हळूहळू थर्मासात सोडली. तुकडा गार होत चालला. त्यांनी कोपर टेबलावर टेकवलं. मीटरवर आधी पिनांची एक जोडी वाचली, मग दुसरी.

"फिरला! निजामभाई, आकडा फिरला!"

"या अल्ला! खरंच?"

बिलकुल खरं. आणखी खाली सोडल्यावर दोन्ही आकडे शून्यावर आले; इतक्या गारठ्यात हा तुकडा विजेला अडवतच नाही, म्हणजे पिनाही ठीक होत्या. नायट्रोजन संपेपर्यंत बाईंनी तीनदा तेच करून पाहिलं. आनंदानं त्यांना रडू येत होतं आणि त्यांनी ते लपवलंही नाही.

कॉलेजसमोरच्या एसटीडी बूथवरून त्यांनी फोन लावला.

"पिना बदलल्या का?" अण्णासाहेबांनी विचारलं.

"नाही सर. तुकडा फिरवला. मोठा आकडा त्याच्यासोबत फिरला. तीनदा."



"असा एक तुकडा माझ्याकडंही आला होता," ते म्हणाले. "पाच वर्षं झाली. पिना खराब म्हणून मी तो फेकून दिला."

 बाईंनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला.

"उद्या पहिल्या बसनं येते, सर. तुकडा घेऊनच येते. तुम्ही तुमच्या हातानं फिरवून बघा."